वीस मिनिटं गार

शुक्रवार पेठेत तवनाप्पा मगदूमचं दुकान.
दारात सोड्याचं लाल मशीन, वयानं माझ्यापेक्षा मोठं.
त्याला फक्त चार आण्याचं नाणं कळतं,
आणि चार आणे सरकारनं कधीच बाद केले.
म्हणून तवनाप्पा गल्ल्याशेजारी बिस्किटाचा डबा ठेवतो:
तुम्ही वीस रुपये द्यायचे, तो चार आणे देणार,
नाणं टाकायचं, दांडा ओढायचा,
बाटली धडधडत खाली.
रात्री मागचं झाकण उघडून
तीच नाणी तो पुन्हा डब्यात ओततो.

"हारुण, बघ की गा येऊन," फोनवर म्हणाला,
"गार हुतंयबी आणि हुईनाबी."

अशा तक्रारीला आधी हसू येतं.
मग हत्यारांची पिशवी उचलावी लागते.

मागची जाळी काढली.
कंडेन्सरवर गोधडीएवढी धूळ,
धुळीत एक भोवरा, दोन बुचं,
कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता.
ब्रशनं झाडलं. पंख्याच्या बुशीत तेल सोडलं.
रिले कानाशी हलवून पाहिला, खुळखुळला नाही.
स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर, मूठ कानामागच्या हाडाला:
आत एकसुरी, तब्येतीत घुमत होतं.
थर्मोस्टॅट टकटकला. करंट बरोबर.
साबणाचा फेस प्रत्येक सांध्याला चोपडला,
एक बुडबुडा फुगला नाही.

म्हणजे सगळं ठीक,
आणि सोडा कोमट.

मी स्टूल मागितलं आणि बसलो.
उद्यमनगरात बाबालाल मिस्त्रीनं शिकवलेलं हे एकच काम
मला अजून धड जमत नाही:
हात न लावता मशीनपुढं बसणं.

वीस मिनिटं झकास. नळीवर पांढरी साय धरली.
एकविसाव्याला आतली सुरसुर थांबली,
सक्शनचा काटा शून्याखाली घसरला,
कॉम्प्रेसर आपला फिरतोच आहे, पोकळ.

शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आणलं,
फडकं बुडवून पिळलं,
कॅपिलरीच्या तोंडाशी धरलं, बोटं भाजेपर्यंत.
फस्स.
काटा वर आला.

"काय हुतं?"
पाणी, मी म्हणालो. थेंबसुद्धा नव्हे, थेंबाचा नातू.
थंडी वाढली की केसाएवढ्या भोकात गोठून बसतो,
सगळं तापलं की वितळतो
आणि शहाण्यासारखा बाजूला होतो.

"सीलबंद नळीत पाणी शिरलं कुठनं?"

उत्तर नळीवरच होतं.
गॅस भरायच्या टोकाला डाख,
जरा वाकडा, उलट्या अंगाला ओघळलेला. डावखुऱ्याचा.
डावखुरा मीच.

महापूर ओसरला त्या आठवड्यात
मशीन आडवं पडून नळी चिरली होती.
दिवसाला तीस दारं घेत होतो मी.
उंबऱ्यांवर चिखल ओला, बायका दुधाची पातेली घेऊन उभ्या,
आणि व्हॅक्यूम पंपाला एकेका मशीनमागं पाऊण तास लागतो.
मी पंप लावला नाही.
गॅस भरला, डाख दिला, पैसे घेतले, पुढचं दार.
त्या आठवड्यातली हवा, नदीच्या वासाची,
तशीच आत राहिली.
ड्रायरनं इतकी वर्षं ती पिऊन घेतली,
आता त्याचंही पोट भरलं.

सांगून टाकलं.
तवनाप्पा बराच वेळ डब्यातली नाणी चाळवत राहिला.
"मग आता लाव की पंप," म्हणाला,
"तास लागू दे, दोन लागू देत."

जुना ड्रायर कापला, नवा जोडला, पंप सुरू केला.
एक पोरगं आलं, त्याला उद्या ये म्हणून सांगितलं.
स्टुलावर बसून पावतीच्या पाठीमागं
मी नावं लिहायला घेतली:
कुंभार गल्ली, बुचडेबाई. दूध डेअरीवाला आवटी.
जामदारांचा खालचा मजला.
पुढचं दार हिरवं होतं एवढंच आठवतं.